बिनमोटरची मशीन

सुताराच्या दुकानात दोन दिवस झाडू मारला नाही की भुसा घोट्यापर्यंत येतो. किश्शांचंही तसंच! पवनीला तुळशीराम मिस्त्रींच्या दुकानात मी पॉलिशचं काम करायचो, तेव्हाचे किस्से अजून झटकले तरी अंगावरून निघत नाहीत. आणि त्यातले निम्मे एकट्या त्या मशीनचे.

* * *

मशीन म्हणजे लाकूड घासायची. दोन रूळ, त्यांच्यावर फिरणारा पॉलिश पेपरचा पट्टा, फळी वर धरली की गुळगुळीत. एक आरामशीन बंद पडली, तिच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात मिस्त्रींनी ती घेतली. बैलबंडीवरून मिरवत आणली. पेढे वाटले. मग मी खाली वाकून पाहिलं.

"मिस्त्री, मोटर कुठाय?"

"मोटर दुसऱ्या ढिगात होती. तो ढीग दुसऱ्यानं नेला."

"मंग तुमी हे काहून घेतलं?"

"अबे, मशीन भेटली ना! मोटरचं काय, मोटर कुठंबी भेटते."

* * *

मशीन ठेवली अंगणात, म्हणजे नेमकी गिरजाकाकूंच्या वाळवणाच्या जागेवर. काकू म्हणजे मिस्त्रींच्या घरधनीण. दुकानाच्या मालकीणही त्याच, फक्त पाटीवर नाव मिस्त्रींचं.

उन्हाळाभर काकूंनी मशीनवरच पापड वाळवले. मग एक दिवस बाहेर येऊन जाहीर केलं, "दसऱ्याले पूजा चालत्या हत्याराची होते. बंद लोखंडाले कुंकू लागणार नाही. तवरीक चाललं तं ठीक, नाही तं कबाड्याले!"

मिस्त्रींचा चेहरा पडला. त्यांचा त्या मशीनवर फार जीव जडला होता. पाऊस आला की स्वतः भिजायचे आणि छत्री मशीनवर धरायचे.

* * *

पहिली मोटर लावली कूलरची. बटण दाबलं, पट्टा झकास फिरायला लागला. मिस्त्री खूश. त्यांनी फळी टेकवली, मशीन बंद. फळी उचलली, मशीन सुरू. टेकवली, बंद!

काकू दारातून पाहत होत्या. "चांगली हाय की," त्या म्हणाल्या. "काम नाही सांगतलं तं मस्त चालते. तुमच्या भाच्यावर गेली."

* * *

मग मिस्त्रींना पटलं, जोर पाहिजे. मशीन नेली धानाच्या गिरणीत आणि तिथल्या भल्यामोठ्या मोटरीला जोडली. मालकानं खटका ओढला. मिस्त्रींनी पाटाची फळी टेकवली मात्र, हातातली फळी गायब!

ती खिडकीतून गेली, अंगण ओलांडलं आणि समोर पाखरांपासून धान राखत बसलेल्या म्हातारबाच्या पुढ्यात पडली. मागोमाग मशीनचा पट्टा, दोन तुकडे होऊन.

म्हातारबा फळी घेऊन आत आला. रागावला असेल म्हणून आम्ही हात जोडून उभे. तो म्हणाला, "मिस्त्री, मशीन झ्याक हाय. पण पाखरायवर नेम थोडा खाली धरा!"

* * *

पट्टा तुटला म्हणून मी जुन्या ताडपत्रीवर पॉलिश पेपर चिकटवून नवा केला. मोटर मात्र हवीच होती. मिस्त्रींच्या साळ्याच्या वावरात पंपाची मोटर होती, पण ती थ्री फेजवर चालायची आणि आमच्या दुकानात थ्री फेज नव्हती. म्हणून मशीनच निघाली वावरात. बंडीत मशीन, वर फळ्या, मागून आम्ही. रस्त्यात लोक विचारत, "कोणाकडे लग्न हाय?"

बांधावर मशीन मांडली, मोटर जोडली, सुरू केली. ती उलटी फिरायला लागली! फळी थेट मिस्त्रींच्या पोटात.

साळा म्हणाला, "भाटवा, दोन वायरी बदलल्या का सुलटी होते. थांबा, करतो."

"वायरीले हात लावू नोको! लाइन गेली तं?" मिस्त्री ओरडले. मग मशीनला वळसा घालून पलीकडच्या बाजूला जाऊन उभे राहिले. "हे पाय, झाली सुलटी!"

पलीकडे बांधी होती, पाणी भरलेलं धानाचं खाचर. चिखलात गुडघाभर रुतून मिस्त्री फळ्या घासत होते आणि घासलेली प्रत्येक फळी बांधीतच पडत होती. शेवटी माझा पट्टाही उकलला आणि पाण्यात गेला.

* * *

दसरा जवळ आला तेव्हा कोणी तरी सांगितलं, अड्याळला देवाजी म्हणून आहेत, त्यांच्याकडे घरच्या लाइटीवर चालणारी मोटर नुसती पडून आहे. आम्ही बसनं गेलो. मोटर ओसरीवर होती, बायकोच्या जुन्या हिरव्या लुगड्यात गुंडाळलेली. मिस्त्रींना तर गहिवरून आलं.

"मोटर विकता काय?"

"छे! मीच मशीन शोधून राहिलो," देवाजी म्हणाले. "लिलावात मोटरचा ढीग भेटला. मशीन कोण्या बेअकल्यानं नेली कोण जाणे!"

"तो मीच," मिस्त्री म्हणाले.

चहा आला. मिस्त्री म्हणाले, मोटर द्या. देवाजी म्हणाले, मशीन द्या. पुन्हा चहा आला. दोघांनीही हट्ट सोडला नाही. आम्ही उठलो तेव्हा आतून देवाजींच्या बायकोचा आवाज आला, "दसऱ्याच्या आत हे धूड हाललं पाहिजे!"

मिस्त्री परतीच्या बसमध्ये एवढंच म्हणाले, "माणूस चांगला हाय. बिचारा."

* * *

दसऱ्याच्या सकाळी आरी, रंधा, पटाशी सगळं धुऊन पाटावर मांडलं. झेंडूची फुलं वाहिली. मशीन कोपऱ्यात, बिनकुंकवाची. दारात कबाड्याची मेटाडोर उभी राहिली आणि मिस्त्री भिंतीकडे तोंड करून बसले. मला खरंच वाईट वाटलं.

मशीन उचलून मेटाडोरपाशी नेली, तर आत डबे आणि पत्र्यांच्या मधे हिरवं लुगडं!

"हे कुठचं?"

"अड्याळचं," कबाडी म्हणाला. "बाईनं पहाटेलेच उचलायले लावलं. दसऱ्याले घर साफ पाहिजे म्हणे."

मिस्त्री असे धावले की पाटावरचा रंधा पायाखाली आला. काकूंनी एकदा मोटरीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. "पाहून काय राह्यले? उतरवा!"

कबाड्याला बदल्यात कूलर दिला. मोटरचे बोल्ट भोकांत हातानं बसले. मशीन घूं घूं करायला लागली आणि काकू कुंकवाचं ताट घेऊन आल्या.

तेवढ्यात फटफटी थांबली. कबाड्याच्या मागावर आलेले, धुळीनं माखलेले देवाजी पिशवी सांभाळत उतरले. "थांबा! माही मोटर!"

"भाऊ, बसा," काकू म्हणाल्या. "मशीन आमची. मोटर तुमच्या घरून कबाड्यानं नेली, त्याच्यापासून आमी घेतली. आता यात तुमचं काय राह्यलं?"

देवाजींनी मशीन पाहिली. मोटर पाहिली. मग वर फिरणारे दोन उघडे रूळ बराच वेळ पाहिले. खाटेवर निवांत बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाले, "पट्टे. ढिगात पूर्ण बंडल होतं."

काकूंनी कुंकवाचं ताट खाली ठेवलं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "जेवूनच जा!"