चित्र हललं की आई ठीक

सकाळी आठला दारावर थाप पडली तेव्हा मी ताटात भाकरी थापत होते. ताटात, कारण आमची पितळी परात आठ दिवस शेजारच्या आकारामभाऊंकडे होती. परत द्यायला आले असतील म्हणून पिठाच्या हातानंच कडी काढली.

मंगळवार पेठेत भाऊंचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. मागच्या खोलीत त्यांची आई, चिमणाबाई. अर्धांगवायूनं वाचा गेलेली, डावा हात तेवढा थोडा हलायचा. हाक मारता येत नव्हती, घंटा दिली तर बोटांतून निसटायची. भाऊंचे हात दुकानात आणि जीव मागं.

एकदा अँटेना आईच्या खाटेशी ठेवलेला. मी पेज घेऊन आत गेले आणि दुकानातल्या टीव्हीचं चित्र थरथरलं. भाऊंना तेवढं पुरलं: आईनं हात हलवला की दुकानात चित्र हलावं. पण चिमणाबाईंच्या हातानं चित्राला साधा शहाराही येईना. मग खाटेमागं डब्यांची झाकणं लागली, पत्रा लागला, शेवटी आमची परात.

"लाटा आईला घासून पुढं जात्यात," त्यांनी मला समजावलं होतं. "मागं परात आसली की परत फिरत्यात."

आणि खरंच, चिमणाबाईंनी हात उचलला की बातम्या देणाऱ्या बाईचं तोंड वाकडं व्हायला लागलं.

मॅच बघायला जमलेली गल्ली वैतागली. दूधवाल्या बाळासोनं दम भरला, "आकाराम, चित्र सरळ कर की लेका."

"सरळ झालं तर आई गेली म्हणून समज," भाऊ मान वर न करता म्हणाले.

 आणि शेवटच्या ओव्हरला चित्र डोललं तेव्हा आठ बाप्ये मॅच सोडून तांब्या घेऊन आत धावले. चिमणाबाई डास हाकलत होत्या.

आज मात्र भाऊंच्या हातात परात नव्हती. ते धापा टाकत होते. आज दुकान लवकर उघडलेलं, आणि तेवढ्यात तीनदा चित्र ठेक्यात नाचलं होतं. आईला झटके आले समजून ते तीनदा पळाले, आणि तिन्ही वेळा ती घोरत होती. चौथ्यांदा त्यांना भिंतीपलीकडची धपधप ऐकू आली. माझा ओटा आणि ती खाट यांच्यात एकच भिंत.

ते माझ्या पिठाच्या हातांकडं बघत राहिले.

"तुमच्या थापण्यात आईचा हात दिसंना झालाय," ते म्हणाले. "वैनी, भाकरी तेवढी दुसऱ्या भिंतीशी थापा."