चौदा खिळ्यांची फळी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बहिणीलाही नाही, आणि तिला तर मी दाढदुखीसुद्धा सांगतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असाल तर — असो, मग वाचाच.

मी संशयी माणूस आहे. दुधाच्या पिशवीवरची तारीख मी दोनदा वाचतो. सत्कारात कोणाच्या खांद्यावर शाल पडली की ती याआधी किती खांद्यांवरून फिरून आली असेल याचा अंदाज बांधतो. पुस्तकं पुष्कळ वाचतो, पण लेखक कुठे चुकताना सापडतो का, या बेताने. या स्वभावाचा मला बरीच वर्षं अभिमान होता. लोक फसतात, आपण फसत नाही — एवढंच त्या अभिमानाचं भांडवल.

ठाकूरद्वारला आमच्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर पंधरा खोल्या. त्यांपैकी एक नलूकाकूंची. उरलेल्या चौदा खोल्यांच्या किल्ल्या त्यांच्या दारामागच्या फळीवर टांगलेल्या असत. फळी त्यांच्या यजमानांनी ठोकलेली. चौदा खिळे, प्रत्येकाखाली तैलरंगात खोलीचा नंबर. कामाला निघताना किल्ली काकूंकडे द्यायची, आल्यावर घ्यायची. गॅस आला, पाणी आलं, कोणाचा पाहुणा आला, सगळं काकू बघत. यजमान गेल्यावर ती फळी हाच त्यांचा संसार होता म्हणा ना. दिवसभर दाराशी ये-जा. "किल्ली घे, आणि तोंड धुऊन चहाला ये" — हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं असेल.

चार वर्षांपूर्वी मी बटेरं पाळली, तित्तिराच्या जातीची छोटी पाखरं. एकट्या माणसाने काहीतरी पाळावं असं बहीण म्हणत होती. कुत्रा भुंकतो, मांजर तुच्छतेने बघतं. ऑफिसातल्या एका कर्जतच्या सहकाऱ्याने एक दिवसाची बारा पिल्लं खोक्यातून आणून दिली. केवढी? बोराएवढी. पिवळी, पाठीवर तपकिरी पट्टे, आणि सदैव घाईत. त्यांना ऊब लागते, म्हणून जुन्या पद्धतीचा तापणारा दिवा शोधत मी अर्धं गिरगाव पालथं घातलं. हल्लीचे दिवे उजेड देतात, ऊब देत नाहीत. पाणी बरणीच्या झाकणात ठेवायचं, आणि झाकणात काचेच्या गोट्या टाकायच्या. कारण हे पिल्लू पाण्यात चोच घालताना डुलकी काढतं, आणि बोटभर पाण्यात बुडून मरतं. गोट्या असल्या की डोकं वरच राहतं.

त्या गोट्या काकूंनी दिल्या. मुलीच्या लहानपणीचा डबा माळ्यावरून काढला आणि पाच गोट्या निवडल्या. त्यांतली एक दुधी रंगाची, आत हिरवी रेघ, कडेला टवका उडालेला. "मुलगी हिलाच जिंकायची," म्हणाल्या. मग खोक्यात वाकून बघितलं. "गोड आहेत रे सुधीर. पण शेवटी सुरीखालीच ना?"

"नाही हो काकू. नुसती पाळणार."

"हं. बोकडालाही आधी पाळतातच."

त्या माळकरी घरातल्या. मला ते वाक्य टोचलं आणि टोचलेलं राहिलं. संशयाला एवढंच लागतं, नाही का?

सहाव्या दिवशी मी ऑफिसातून आलो, दार उघडलं. खोक्यात चिवचिवाट निम्म्यावर आलेला. सात पिल्लं झाकणाभोवती आणि झाकणात पडलेली, ओली, बोटाने उचलली तर धाग्यासारखी मान. झाकणात गोट्या नव्हत्या.

काकू दुपारी नेहमीप्रमाणे पाणी बघून गेल्या होत्या. गोट्या कुठे गेल्या, मी विचारलं. "मी बारा वाजता आले तेव्हा नाचत होती रे," त्या म्हणाल्या. "दिव्याने डोळे दिपतात, मी वरूनच पाणी घातलं. अरे देवा, सात?" त्यांनी तोंडाला पदर लावला. मी तो पदर बघत होतो, आणि मनात म्हणत होतो — ज्या हाताने दिल्या त्याच हाताने काढल्या. सुरीखाली जाण्याआधी सोडवली असणार. पुण्यकर्म! असा तर्क मला सुचला, आणि सुचल्यावर तो फार हुशार वाटला.

जिन्याखाली चाळीचे सेक्रेटरी पाटकर बसतात. टेबल एक, खुर्ची एक, आणि पाटी: 'कार्यालय'. फोनवर चाळीचा ग्रुप असतानाही सूचना ते चौकातल्या फळ्यावरच लिहितात, खाली लफ्फेदार सही करून. किल्ल्या 'कार्यालयात' न येता एका विधवा बाईच्या दारामागे लटकतात, हे त्यांचं जुनं दुखणं. मी ते जाणून होतो. जाणून होतो म्हणूनच गेलो.

त्यांनी ऐकून घेतलं आणि खडू उचलला. "मसुदा सांगा. तुमची भाषा चांगली."

मी सांगितला. 'विश्वासाने सोपवलेल्या मुक्या जीवांची हानी झाल्याचे समितीच्या निदर्शनास आले आहे. आपली किल्ली कोणाकडे ठेवावी, याचा रहिवाशांनी फेरविचार करावा.' नाव नाही. नावाची गरजच काय होती? वाक्य माझं, अक्षर पाटकरांचं, सही पाटकरांची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीवर भांडी घासायला बसलो. घासणीच्या वाटीत पाच गोट्या होत्या. आदल्या सकाळी शेवाळ आलं म्हणून मीच त्या घासल्या होत्या. मग फोन वाजला, बोलत बोलत कपडे केले, आणि निघालो.

गॅलरीत येऊन खाली पाहिलं. फळा दिसत होता. अजून कोणी उठून खाली गेलेलं नव्हतं. ओलं फडकं माझ्या हातातच होतं — तुम्हाला खोटं वाटेल, पण हातातच होतं. चाळीस पायऱ्या. खडूचीच अक्षरं. मी उभा राहिलो. पाटकर विचारतील, एवढंच मनात आलं. मग पहिला माणूस पेपर आणायला उतरला, फळ्यापाशी थांबला, आणि मी आत गेलो.

गोट्या मी झाकणात परत टाकल्या. दुपारी काकू आल्या. मी त्या दिवशी रजेवर होतो.

"मिळाल्या का रे गोट्या?"

"नवीन आणल्या."

त्या वाकल्या. झाकणाकडे बघत राहिल्या. "अगदी तशाच मिळाल्या हो," म्हणाल्या. "बरं झालं."

आठवड्याभरात किल्ल्या निघू लागल्या. भांडण कोणी केलं नाही, आमची चाळ सभ्य आहे. कोणी म्हणालं जादा किल्ली करून घेतली, कोणी म्हणालं सून आता घरीच असते. काकू प्रत्येकाला "बरं हो" म्हणत. महिन्याने फळीवर एकच किल्ली उरली. माझी. ती काढायला हात धजत नव्हता, म्हणून राहिली.

उरलेली पाच पिल्लं मोठी झाली. पंख फुटले. घाबरली की सरळ वर उसळत आणि डोकं आपटून घेत, म्हणून पिंजऱ्याच्या छताला मी आतून चादर शिवली. एवढी काळजी मला घेता येत होती. चौथ्या आठवड्यात दोघांच्या छात्या तांबूस झाल्या, ते नर. तिघींच्या ठिपक्यांच्या. सातव्या आठवड्यात पहिलं अंडं आलं, शाईचे शिंतोडे उडाल्यासारखं. मी ते काकूंच्या तळहातावर ठेवलं. का ठेवलं? बरं वाटावं म्हणून. कोणाला, ते विचारू नका.

"पाटकराने लिहायचं ते लिहिलं," अंडं न्याहाळत त्या म्हणाल्या. "पण तू किल्ली नेली नाहीस. सगळ्यांत तुझं नुकसान, आणि तूच नेली नाहीस."

तेव्हा सांगायचं होतं. आमच्या दोघांत एक अंडं होतं, बाकी कोणी नव्हतं. मी म्हणालो, "त्यात काय काकू."

सात पिल्लं माझ्या विसराळूपणाने गेली, तो अपघात. फळा हा भित्रेपणा. पण ते "त्यात काय" — काकूंचं कौतुक मी शांतपणे, हसून, एखादी शाल खांद्यावर घ्यावी तसं घेतलं.

मागच्या वर्षी काकू मुलीकडे दहिसरला गेल्या. जाताना ती फळी त्यांनी भिंतीवरून काढवली आणि मला दिली. "शेवटी तुझीच होती हिच्यावर, तूच ठेव." त्या टवक्याच्या गोटीची ओळख त्यांना पटली होती का? चार वर्षं मी याच संशयात आहे. पटली असेल, तर त्या सगळं जाणून रोज दुपारी माझ्या पाखरांना पाणी घालत होत्या. पटली नसेल, तर आजही दहिसरला कोणाला तरी माझं कौतुक सांगत असतील. यातलं कुठलं वाईट, हे मला ठरवता आलेलं नाही. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे.

फळी माझ्या दारामागे लावली आहे. तेरा खिळे रिकामे असतात. चौदाव्यावर संध्याकाळी आल्यावर मी माझी किल्ली अडकवतो, आणि सकाळी मीच काढतो.