ॲडॅप्टर नंबर पाचशे अकरा

"दुपारपर्यंत होते काय मॅडम? मंग मी भाऊले तसं सांगून देतो."

फोनवर अकोल्याचे सलीमभाई होते. सकाळचे साडेदहा वाजले होते. माझ्यासमोरच्या पडद्यावर चौथ्यांदा तीच ओळ उमटली होती: डिव्हाइस ऑनलाइन घेता येत नाही. दीड तास मी त्या ओळीशी डोकं फोडत होते. तरीही म्हटलं, "होईल. सांगा त्यांना, दुपारपर्यंत नंबर येईल."

आमच्या धंद्यातली ही फार घाणेरडी सवय. बिघाड सापडलेला नसतो, तेव्हाच आम्ही वेळ सगळ्यात ठामपणे सांगतो.

मी तेव्हा अमरावतीला एका सरकारी संगणक केंद्रात कंत्राटावर होते. पेपर उघडला की पहिल्या पानावर वऱ्हाडातलं कुठलं तरी गाव असायचं, ती वर्षं. त्या साली सोयाबीन काढणीला आलं आणि पाऊस आला. आठ दिवस हटला नाही. उभ्या पिकाला शेंगेतच कोंब फुटले, मग सगळं काळं पडलं. तलाठी आणि कृषी सहायक शेतोशेती फिरून पंचनामे करत होते, आणि ते कागद जिल्ह्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर चढवले जात होते. अकोल्यात हे काम सलीमभाईंकडे होतं. पन्नाशीचा माणूस, दोन बोटांनी टाइप करायचा, पण चूक काढून दाखवा म्हणावं.

पंचनामा वर, मुख्यालयात पोहोचला की प्रत्येक शेताला भरपाईसाठी एक नोंदणी नंबर मिळायचा. तो मिळेपर्यंत सडलेलं पीक शेतातून काढायचं नाही, असा आदेश होता. कोणी तपासायला आलं तर त्याला ते दिसलं पाहिजे. सलीमभाईंचे मोठे भाऊ गफूरभाई पातूरजवळच्या एका गावात शेती करायचे. पाच एकर काळं सोयाबीन तसंच ठेवून ते नंबरची वाट बघत होते. नंबर आला की वखरायचं, म्हणजे वखर मारून रान मोकळं करायचं, आणि हरबरा पेरायचा. हरबऱ्याला जमिनीत ओल लागते आणि ओल रोज थोडी थोडी चालली होती. यादी वर पाठवायची शेवटची मुदत त्या दिवशी संध्याकाळी पाच.

आधी अकोल्याची यादी सीडीवर यायची. माणूस सकाळच्या गाडीनं मूर्तिजापूरवरून बडनेऱ्याला उतरायचा आणि सीडी आमच्या हातात द्यायचा. त्याच आठवड्यात आदेश निघाला की सीडी बंद, सगळं नेटवर्कवरून. त्यासाठी आमच्या मोठ्या मशीनवर अकोल्याचा नवा सर्व्हर उभा करायचा होता. ते काम माझं.

हे मशीन म्हणजे मेनफ्रेम. गोदरेजच्या दोन कपाटांएवढं. त्याची गंमत अशी की त्याच्या पोटात एक सॉफ्टवेअर असतं, ते एका मशीनची आठ-दहा मशीनं असल्याचा भास निर्माण करतं. घर एक, बिऱ्हाडं वेगळी. अमरावतीचा सर्व्हर हे एक बिऱ्हाड, अकोल्याचा दुसरं. प्रत्येक बिऱ्हाडाला बाहेर जायला आपलं दार लागतं. त्या दाराला नेटवर्क ॲडॅप्टर म्हणतात. आणि आमच्या मशीनवर प्रत्येक ॲडॅप्टरला ओळीनं तीन नंबर द्यावे लागतात: पहिला वाचायला, दुसरा लिहायला, तिसरा खऱ्या माहितीची ने-आण करायला. नेटवर्कचं सॉफ्टवेअर चढवताना ते हे तीन नंबर विचारतं. दिले की दार उघडतं.

माझं दार उघडत नव्हतं.

आधी मी केबल बदलली. मग स्विचवरचं पोर्ट बदललं. मग सॉफ्टवेअर पुसून पुन्हा चढवलं, त्यात पाऊण तास गेला. पुन्हा तीच ओळ. अमरावतीचा सर्व्हर त्याच मशीनवर, त्याच कार्डावर सुखानं चालला होता. अकराच्या सुमारास सलीमभाईंचा पुन्हा फोन आला.

"मॅडम, सीडी बनवून ठेवली हाय मी. निंगू काय? आता निंगलो तं दोनपर्यंत पोचतो तुमच्यापाशी."

"अहो, सीडी घेत नाहीत आता. आदेश आहे. थांबा तुम्ही, होतंय."

"बरं. तुमी म्हनता तं थांबतो."

पुढे कित्येक वर्षं हे वाक्य मला अंघोळ करताना, भाजी चिरताना आठवत राहिलं.

आता त्या तीन नंबरांचं सांगते. नंबरांचा तक्ता मीच केला होता. अमरावतीच्या सर्व्हरला ५०० पासून तीन नंबर आधीच दिलेले होते, म्हणून अकोल्याला ५१० पासून दिले. तक्ता आमचे प्रमुख वानखडे साहेब यांच्याकडे सहीला गेला. साहेब मनानं चांगले. ऑफिसात कोणाच्या घरी काही झालं तर सगळ्यात आधी तेच पोचणार. त्यांनी तक्ता पाहिला आणि लाल पेन काढलं.

"सरोदे मॅडम, नवं काम हाय हे. शून्यावर सुरू करून राहिल्या काय? आहेराले आपन पाचशे देतो का पाचशे एक?"

"साहेब, मशीनचे नंबर आहेत हे."

"मंग? मशीनले तीन नंबर पायजेत, तीन भेटतात. अमरावतीले पाचशे देल्ले म्हनून तं ते मधात मधात बंद पडते. पाचशे अकरा करा. अकरा चांगला आकडा हाय."

मला हसू आलं. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. कोणाला तरी वाटतंय की हे काम नीट पार पडावं. आमच्या घरी पापडसुद्धा शेजारी द्यायचे तर अकरा नाहीतर एकवीस दिले जातात, दहा देत नाहीत. फरक तरी काय पडणार होता? ५११, ५१२, ५१३. ओळीनं तीनच होते. साहेबांनी सही केली, शिक्का मारला, एक प्रत मुख्यालयात गेली. मशीनचं पुस्तक कपाटात होतं. त्याचं प्लॅस्टिकही निघालेलं नव्हतं.

ते प्लॅस्टिक मी त्या दिवशी दुपारी दीड वाजता फाडलं. डबा तसाच राहिला होता. ॲडॅप्टरच्या प्रकरणात, एका कोष्टकाच्या खाली, बारीक अक्षरात टीप होती. वाचायचा नंबर सम असला पाहिजे. लिहायचा नंबर त्याच्या लगेच पुढचा. बस, एवढंच.

५११ विषम. केबलचा दोष नव्हता, स्विचचा नव्हता, सॉफ्टवेअरचा तर नव्हताच. आकडा शुभ करून घेतला होता आणि मी समोर उभी राहून हसले होते. साहेबांना माहीत नव्हतं, हे ठीक. त्यांचं ते काम नाही. माझं होतं.

दुरुस्ती दोन मिनिटांची. ५११ च्या जागी ५१२ पासून सुरू करायचं, म्हणजे शेवटचा ५१४ तक्त्याबाहेरचा. पण आमच्या कंत्राटात स्पष्ट लिहिलेलं होतं की मंजूर तक्त्याबाहेरचा नंबर वापरला तर कंत्राट तिथल्या तिथे रद्द. साहेब कलेक्टर ऑफिसला मीटिंगमध्ये, मोबाइल बंद. मी तीन वेळा कीबोर्डवर हात ठेवला आणि तीन वेळा काढला. मला भीती वाटली. घरी मी एकटी कमावती होते, हे खरं आहे. पण ते कारण आज पुढे करायची मला लाज वाटते.

दोन वाजता सलीमभाई. "मॅडम, भाऊ गावातल्या दुकानातून फोन करून राह्यला. काय सांगू?"

"सापडलंय सलीमभाई. सहीसाठी थांबलेय फक्त."

"सही झाली का होते ना?"

"होते."

साहेब तीन वाजता आले. मी पुस्तक उघडंच घेऊन केबिनमध्ये गेले. त्यांनी ती टीप दोनदा वाचली. चेहरा उतरला, पण सही करायला पेन उचललं नाही.

"मॅडम, तक्ता वर गेला हाय. आता मी बदलला तं ते विचारतीन, कावून बदलला. मी काय सांगू, आहेर? कंपनीकडून लिहून घ्या. पाचशे अकरा चालत नाई, असं त्यायच्या कागदावर. मंग मी सही करतो."

"साहेब, पाच वाजता मुदत संपते."

"म्हनूनच म्हनतो, लवकर फॅक्स मागवा."

मी पुण्याला कंपनीत फोन लावला. ज्यांना लिहून द्यायचं होतं ते जेवायला गेले होते. सव्वातीनला. मी फॅक्स मशीनजवळ खुर्ची ओढून बसले.

साडेतीनच्या सुमारास वाशिमचा ऑपरेटर आला. खांद्याला पिशवी, पिशवीत सीडी. त्याला सीडी बंद झाल्याचा आदेश मिळालाच नव्हता म्हणे. साहेब केबिनबाहेर आले, त्याच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "घेऊन टाका मॅडम त्याची. एवढ्या दुरून आला बिचारा, आता त्याले वापस कसं पाठवाव?" मी ती सीडी घेतली आणि अमरावतीच्या सर्व्हरवरून यादी वर पाठवली. दहा मिनिटं लागली. वाशिमचे नंबर पडद्यावर भराभर येत गेले. तो चहा पिऊन गेला.

मी धावत जाऊन अकोल्याला फोन लावला. "सलीमभाई, निघा. सीडी घेऊन निघा आत्ता."

ते म्हणाले, "आता कोनती गाडी हाय मॅडम? हवेत उडालो तरी पाचपर्यंत नाई पोचत."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

फॅक्स चार वीसला आला. साहेबांनी सही केली, या वेळी आकड्याकडे न पाहता. मी ५१२ टाकलं, अकोल्याचा सर्व्हर बंद करून चालू केला. पण चुकीच्या नंबरांवर चढवलेलं नेटवर्कचं सॉफ्टवेअर अर्धवट अडकून पडलं होतं. ते काढून पुन्हा चढवावं लागलं. पावणेपाच. पाच. पाच दहा. पाच पंचवीसला पडद्यावर ओळ आली: डिव्हाइस ऑनलाइन. इतकी वर्षं मी हे काम केलं, दार उघडलं आणि रडू आलं असं एकदाच झालं. अकोल्याहून सलीमभाईंनी यादी पाठवली. सगळी यादी दीड मिनिटात आमच्याकडे. तिथून वर. वरून उत्तर आलं: मुदत संपली आहे.

साहेबांनी मुख्यालयात फोन केले, हे मला सांगितलं पाहिजे. चार-पाच जणांशी बोलले. शेवटी बोलता बोलता खालच्या आवाजात विनवण्या करायला लागले. तिकडून एकच उत्तर: अकोल्याची पाहणी नव्याने होईल, तोवर शेतं जैसे थे ठेवावीत.

सहाला फोन वाजला. आवाज सलीमभाईंचा नव्हता.

"मॅडम, मी गफूर बोलतो. सलीमचा मोठा भाऊ. नंबर नाई आला म्हनते तो. दुपारीच बैल जुपून ठेवले होते मी. आता वखरू का नको?"

साधा प्रश्न होता. वखरा म्हटलं तर पुरावा जाणार. थांबा म्हटलं तर ओल जाणार. मला माहीत नाही, एवढं म्हणायचीही माझी हिंमत झाली नाही.

"साहेबांना विचारून सांगते," मी म्हटलं.

"इचारा. मी थांबतो तुमच्या फोनसाठी."

मी साहेबांना विचारलं. साहेब कपाळ चोळत म्हणाले, "आपन कोन सांगनार मॅडम? काई सांगू नका." म्हणून मी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. तिसऱ्या दिवशी वाटलं, आता कुठल्या तोंडानं सांगू. मग कामं आली.

नवी पाहणी व्हायला तीन आठवडे लागले. तोवर गावातल्या बहुतेकांनी वाट बघणं सोडून वखरून टाकलं होतं. त्यांच्या कागदावर शेरा पडला: शेतात बाधित पीक आढळले नाही. त्यांना नंबर मिळाला नाही, पण हरबरा तरी उगवला. गफूरभाईंचं काळं सोयाबीन तसंच उभं होतं. त्यांना नंबर मिळाला. मग त्यांनी हरबरा पेरला. जमीन तोवर दगड झाली होती. बी मातीत जसंच्या तसं राहिलं.

हे मला उन्हाळ्यात सलीमभाईंनी सांगितलं, ते ट्रेनिंगला अमरावतीला आले तेव्हा. मी विचारलं, सगळ्यांनी वखरलं तर भाऊ का थांबले?

"सारेच म्हनत होते त्याले, वखर म्हनून," ते म्हणाले. "तो म्हने, मॅडमनं इचारून सांगतो म्हनलं हाय. फोन नाई आला म्हंजे काई अडचन असन त्यायले. थांबाव."

मग ते वहीत मान घालून पुढचं लिहून घ्यायला लागले.

आता मी नव्या मुलांना शिकवते. पहिल्याच तासाला सांगते की ॲडॅप्टरचा वाचायचा नंबर सम हवा, साहेब काहीही म्हणोत. ते सगळे लिहून घेतात. मग सांगते की बिघाड सापडला नसेल तर वेळ सांगू नका, आणि विचारून सांगतो म्हटलं असेल तर उत्तर मिळो न मिळो, परत फोन करा. हे अजून कोणी लिहून घेतलेलं नाही.