माझी लेक, तिची शिकवणी
कुरखेड्यात पोरांनी इंग्रजी शिकायचं तर माझ्या ओसरीवर यायचं, असं कितीतरी वर्षं चाललं होतं. मग समोरच्या घरात ती मॅडम भाड्यानं राहायला आली. चंद्रपूरची, तरुण, हसतमुख. अंगणात सतरंजी टाकून तिनं शिकवणी सुरू केली, तेव्हा मी म्हटलं, करू दे बापडीला. पण एक दिवस माझी सातवीतली लेकच म्हणाली, "आई, मी मॅडमकडे जातो शिकाले. तू लय चिल्लावते."

जळले मी. खोटं कशाला बोलू?

त्या आठवड्यात तिच्याकडे 'पिक अप' चाललं होतं. जेवताना लेकीची टकळी सुरू. खाली पडलेलं उचललं की पिक अप, पाहुण्याला स्टँडवरून घेऊन आलं की पिक अप, फोन घेतला तरी तेच, आजारी माणूस सुधारला तरी तेच, गाडीनं वेग धरला तरी तेच. आणि कुणी न शिकवता नुसती कानावर पडून भाषा आली, तर तेही! "मॅडमले किती येते ना, आई!"

अगं बाई, या सगळ्या अर्थांचा तक्ता तुझ्या जन्माआधीपासून आपल्या भिंतीवर लटकतोय! मी शिकवायचे तेव्हा तू जांभया देत होतीस. पिकतं तिथं विकत नाही, हेच खरं. मी भातावर वरण ओतलं.

रविवारी मॅडम पोरांना घेऊन मोहफुलं वेचायला गेली. फुलं उचलता उचलता इंग्रजी शिकवणार म्हणे. जंगलात कसली आलीय शिकवणी! ऊन चढलं तसा समोरून गलका ऐकू आला. पोरं टोपल्या घेऊन परतली होती आणि गल्लीतली म्हातारी मॅडमच्या अंगणात उभी राहून ओरडत होती, "काऊन वो मॅडम, माह्या झाडाखालचा मोह काऊन वेचला?"

आमच्याकडे मोहाच्या झाडाला कुंपण नसतं, पण धनी असतो. फुलं गळायच्या आधी जो झाडाखालचा पालापाचोळा झाडून काढतो, त्या हंगामाची फुलं त्याची. दुसऱ्यानं तिथं हात घालायचा नाही. शहरातल्या बाईला हे काय ठाऊक! मला तर देवच पावला. पदर खोचून मी रस्ता ओलांडला.

"गावात राहाचं तर गावची रीत शिकावं लागते, मॅडम," मी सगळ्या बायांना ऐकू जाईल असं म्हटलं. "पोराईले चोरी शिकवून राह्यल्या का?"

लेक पुढे आली. "आई, मीच नेलं सगळ्याईले. ते आपलं झाड आहे ना? आबा सांगत होते."

होतं आमचं, माझे सासरे होते तोवर. ते गेले, मी शिकवणीत गुंतले, तिकडे कोण झाडू घेऊन जाणार? ही म्हातारी झाडायला लागली. तेव्हापासून झाड तिचं.

"तुह्या मायनं तुले सांगतलं नाई का वो?" म्हातारीनं लेकीला विचारलं, पण बघत होती माझ्याकडे.

लेकीचे डोळे भरले. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर मॅडम आधीच तिच्या आणि म्हातारीच्या मध्ये येऊन उभी. "आजी, पोरीला काही बोलू नका. मी विचारायला पाहिजे होतं, चूक माझी आहे." तिनं सगळ्या टोपल्या म्हातारीपुढे ठेवल्या. म्हातारी विरघळलीच. लेकीच्या ओढणीत ओंजळभर फुलं टाकून म्हणाली, "ने वो माय, भाजून खा."

अहो, माझ्या लेकीसाठी बोलायचं ते मी! तेवढंही हिनं माझ्यासाठी ठेवू नये? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"चल घरी," मी लेकीला म्हटलं.

तिनं डोळे पुसले आणि मॅडमचा हात धरला. "तू जा ना, आई. मले मॅडम घरी आणून सोडते."