एक जुलैची मुलं

तीस जूनला देवकी सोळा वर्षांची होती. एक जुलैला ती सतरा वर्षांची होणार होती. नर्सिंगच्या कॉलेजला सतरा पूर्ण लागत होती, आणि अर्ज पोचण्याची शेवटची तारीख होती तीस जून.

मी माहितीपत्रक पुन्हा वाचलं. मग ते घेऊन हेडमास्तरांच्या खोलीत गेलो.

“मग एक तारखेला पाठवा,” हेडमास्तर म्हणाले.

“एक तारखेला ती वयात बसते, पण अर्ज उशिराचा होतो.”

“तीसला पोचला तर?”

“अर्ज वेळेवर होतो, पण ती वयात बसत नाही.”

हेडमास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “म्हणजे दोन तारखांच्या मधे पाठवायचा. तशी जागा आहे का कुठे?”

मी सावली गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत असे. अक्षर बरं म्हणून मुलांचे पुढच्या शिक्षणाचे अर्ज भरण्याचं कामही माझ्याकडे आलं होतं. आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. जुने नियम कोणते संपले आणि नवे कोणते लागले, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्याला जोडलेलं हे कॉलेज. त्याचं नाव इथे लिहीत नाही. मॅट्रिक झालेल्या मुलींची ते स्वतःची प्रवेशपरीक्षा घेत. अर्ज जूनमध्ये, परीक्षा जुलैत.

देवकी जवळच्या खेड्यातली. वडील सोमाजी धानाची शेती करत. आई धाकट्या भावाच्या बाळंतपणात गेली होती. तेव्हा देवकी पाच-सहा वर्षांची असेल. गावात सुईण होती, पण रक्त थांबेना म्हटल्यावर तिला पुढचं काही येत नव्हतं. देवकीनं हे मला एकदाच सांगितलं, अर्जातल्या ‘हा अभ्यासक्रम का निवडता’ या प्रश्नाच्या वेळी. “हे लिहू का सर?” म्हणाली. मी म्हटलं, “रुग्णसेवेची आवड, एवढंच लिही.” तिनं तसं लिहिलं.

पुढच्या वर्षी अर्ज करता आला असता, असं वाचकांना वाटेल. मलाही वाटलं होतं. सोमाजींना तसं म्हणून पाहिलं.

“पुढच्या सालाचं नोका बोलू मास्तर,” ते म्हणाले. “सोयऱ्याले मी शब्द देल्ला. पोरीचं यंदा झालं तं झालं. नाई तं मंडईले बैठक.”

मंडई म्हणजे आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा. नाटक, मिठाई, पाहुणे, आणि त्या गर्दीत सोयरिकी ठरतात. सोमाजींच्या दृष्टीनं त्यांनी मुलीसाठी पुष्कळ वेळ मागून घेतला होता. तो मंडईला संपत होता.

आता ही एक जुलैची भानगड काय, ते सांगतो.

आमच्याकडच्या खेड्यांत मुलांच्या जन्माची तारीख कुणी लक्षात ठेवत नसे. बाप मुलाला शाळेत घालायला आणी, तेव्हा प्राथमिक शाळेचे गुरुजी विचारत, “कधीचा?” बाप म्हणे, “मोह पडून राह्यला होता तवाचा.” शाळेच्या दाखल रजिस्टरात मोहाच्या फुलांना रकाना नाही. म्हणून गुरुजी मुलाकडे पाहून वर्षाचा अंदाज करत आणि तारीख घालत एक जुलै. शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर साधारण तेव्हा उघडे, म्हणून ती तारीख हाताशी असे. तीच पुढे मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर छापून येई, आणि मग ती जन्मभर बदलत नसे. देवकीच्या गावचे गुरुजी तर दर एक जुलैला वर्गात गूळ-फुटाणे वाटत. सगळ्यांचाच वाढदिवस. कुणाला त्यात गैर वाटलं नव्हतं. तोपर्यंत त्या गावातून कुणी तीस जूनच्या आत अर्ज केला नव्हता.

मी हेडमास्तरांना विचारलं, “तारीख दुरुस्त करून घेता येईल?”

“मॅट्रिकनंतर? कोर्टकचेरी करा. तोवर ती आजी होईल.” मग म्हणाले, “अर्ज पाठवून द्या. नाही म्हणायचं काम त्यांचं आहे. ते आपण कशाला करायचं?”

अर्ज गेला. वयाच्या रकान्यात मी काही लपवलं नाही.

जुलै लागल्यावर एकाच टपालात दोन पाकिटं आली. पहिल्यात कळवलं होतं, की उमेदवार शेवटच्या तारखेस सतरा वर्षे पूर्ण नसल्यामुळे अर्ज नामंजूर. दुसऱ्यात परीक्षेचं प्रवेशपत्र होतं. देवकीचं नाव, बैठक क्रमांक, सोबत दोन टाक आणण्याची सूचना.

दोन्हींवर एकाच कॉलेजचा शिक्का होता. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून बसलो. हेडमास्तर आले, त्यांनी वाचलं.

“हे बोलावताहेत की हाकलताहेत?”

“दोन्ही, सर.”

मला वाटलं, एक पाकीट चुकून आलं असेल. पण चुकीचं कोणतं? विचारावं, तर पत्राचं उत्तर येईपर्यंत परीक्षा होऊन जाईल. देवकीला बोलावलं. तिनं दोन्ही कागद वाचले आणि प्रवेशपत्र उचलून आपल्या पुस्तकात ठेवलं. नामंजुरीचं पत्र टेबलावरच राहिलं.

“हे कोनाचं आहे सर?” तिनं विचारलं.

“तेही तुझंच.”

“ते तुमच्यापाशी राहू द्या.”

नागपूरला मी, सोमाजी आणि देवकी असे तिघं गेलो. सावलीहून मूल गावापर्यंत मोटार, तिथून छोटी रेल्वे. धानाच्या रोवणीचे दिवस होते. रोवणीच्या वेळी घरचा कर्ता माणूस बांधी सोडून परगावी जात नाही. बांधी म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत. आधी एका कोपऱ्यात दाट पेरून रोपं वाढवतात, त्यांना परहे म्हणतात, आणि मग ती उपटून चिखलात रोवतात. सोमाजी गाडीत सारखे बाहेरच्या बांध्यांकडे पाहत होते.

“याइचे लावून झाले,” ते म्हणाले. “माहे परहे बुढे होऊन राह्यले.”

“रोपं म्हातारी होतात?” मी विचारलं. मी चांद्याच्या शहरात वाढलेला.

“होतेत ना जी. कवळे लावले तं सडते, बुढे लावले तं फुटवा येत नाई. त्याचा टाइम असते.”

देवकी पुस्तक उघडून बसली होती. पान मात्र बराच वेळ उलटलं नव्हतं.

परीक्षेला तिला बसू दिलं. दारावरच्या बाईंनी प्रवेशपत्र पाहिलं, यादीत खूण केली, आत सोडलं. मला वाटलं, सुटलो. तरी खात्री करावी म्हणून सोमाजींना घेऊन ऑफिसात गेलो. तिथे हेडक्लार्क होते, स्वच्छ धोतर, काळी टोपी. मी दोन्ही कागद पुढे केले.

“बरोबर आहे,” ते म्हणाले.

“कोणतं?”

“दोन्ही. परीक्षा शाखा जुन्या नियमानं चालते. परीक्षेच्या दिवशी सतरा पूर्ण पाहिजेत. तुमची मुलगी आज सतरा पूर्ण आहे. म्हणून प्रवेशपत्र.”

“आणि हे?”

“प्रवेश शाखेकडे नवीन सर्क्युलर आलं. अर्जाच्या शेवटच्या तारखेला सतरा पूर्ण पाहिजेत. ती नव्हती. म्हणून नामंजूर.”

“म्हणजे ती परीक्षा देऊ शकते, पण पास झाली तर प्रवेश नाही?”

“तसं कुठे लिहिलेलं नाही. पण तसंच आहे.”

सोमाजी इतका वेळ दारापाशी उभे होते. ते पुढे आले. “साहेब, पोरगी आज मोठी हाये न् अर्ज केला तेवा लहान होती, काऊन?”

“तिचा जन्म एक जुलैचा म्हणून.”

“ते एक जुलैची नाई जी.”

मी त्यांचा दंड धरला. त्यांना ते कळलं नाही.

“धान कापाचे दिवस होते,” ते सांगू लागले. “तिची माय बांधीतच होती. मी भारे बांधून राह्यलो होतो. सांजच्याले घरी आलो तं ही. मंग मंडई झाली.”

मी मनात हिशेब केला. कापणी म्हणजे दिवाळीच्या आसपास. रजिस्टरातल्या एक जुलैच्या आधीची दिवाळी धरली, तर ती जूनमध्येच काय, गेल्या वर्षीच सतराची झाली होती. नंतरची धरली, तर अजून सतराची व्हायचीच होती. सोमाजींना विचारलं असतं तर त्यांनी साल सांगितलं असतं, पण ते फुटलेल्या बोडीवरून, म्हणजे गावच्या तलावावरून. ते साल मला माहीत नव्हतं आणि हेडक्लार्कांनाही नव्हतं.

पण हेडक्लार्कांनी वेगळीच गोष्ट पकडली. “म्हणजे हे मॅट्रिकचं सर्टिफिकेट खोटं?”

वय खरं सांगावं, तर सर्टिफिकेट जातं. सर्टिफिकेट धरून ठेवावं, तर प्रवेश जातो.

“खोटं नाई साहेब,” सोमाजी म्हणाले. “ते तारीख गुरुजीनं देल्ली. गावच्या सप्पा पोराइले देल्ली. तिच्या भावालेही तेच.”

आवाज ऐकून आतल्या खोलीतून प्रिन्सिपॉलबाई आल्या. पांढरं लुगडं, छातीला लावलेलं घड्याळ. त्यांनी सगळं उभ्यानं ऐकून घेतलं. मग सोमाजींना विचारलं, “तुम्हाला काय वाटतं? मुलगी सतराची आहे?”

“मले आकडा नाई सांगता येत बाई. आमी परहे पाहूनच वरखतो, रोवाले आले का नाई. परीक्षा सुटली का तुमी तिच्याकडे पाहा ना.”

बाई हसल्या नाहीत. त्या हेडक्लार्कांकडे वळल्या.

“तुम्हीही चांदा जिल्ह्यातले, ब्रह्मपुरीकडचे ना?”

“हो बाई.”

“तुमची जन्मतारीख काय?”

हेडक्लार्कांनी टोपी काढली, परत घातली. “एक जुलै.”

“अच्छा,” बाई म्हणाल्या. “सगळा चांदा जिल्हा एकाच दिवशी जन्माला येत असेल, तर तिकडे नर्स लवकर पाठवायला हवी.”

त्यांनी नामंजुरीचं पत्र घेतलं. मला वाटलं, फाडतील. त्यांनी ते फाडलं नाही. त्यावर लिहिलं, की मुलगी परीक्षेत उत्तीर्ण झाल्यास तात्पुरता प्रवेश द्यावा, आणि वय कोणत्या तारखेला मोजायचं याचा खुलासा वरिष्ठ कचेरीकडून मागवावा. तात्पुरता म्हणजे खुलासा येईपर्यंतचा. उलट आला, तर मुलीनं घरी जायचं.

परीक्षा सुटल्यावर देवकी बाहेर आली. बोटांना शाई लागली होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, पण काही विचारलं नाही. सोमाजींनी विचारलं, “झाला का पेपर?”

“झाला. पण बाबा, परहे?”

“उद्या लावू.”

ती उत्तीर्ण झाली. ऑगस्टमध्ये वसतिगृहात गेली. खुलासा आला नाही. दिवाळीची मंडई झाली, सोयऱ्यांनी दुसरी मुलगी पाहिली. दर वर्षी तिच्या नावापुढे ‘तात्पुरता’ असा शेरा पडत गेला. तिसऱ्या वर्षी मी नागपूरला गेलो, तेव्हा हेडक्लार्कांना विचारलं. ते म्हणाले, “विचारू नका. विचारलं तर उत्तर येईल.”

मी पुन्हा विचारलं नाही. देवकी नर्स झाली आणि तिची सगळी नोकरी गडचिरोलीच्या दवाखान्यात झाली. वाटेत सावलीला उतरली की भेटून जाई. पहिलं वाक्य ठरलेलं असे, “सर, माही ॲडमिशन अजून कायम नाई झाली.” माझी पत्नी शेवटची आजारी होती, तेव्हा ती रजा काढून आठवडाभर आमच्याकडे राहिली. जाताना मी आभार मानू लागलो, तर म्हणाली, “मी तात्पुरतीच आले होते.”

नोकरीतून ती निवृत्त झाली ती रजिस्टरातल्या तारखेनंच. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती.

या श्रावणात ती गेली. पंधरा दिवसांनी तिचा धाकटा भाऊ माझ्याकडे आला. मृत्यूच्या दाखल्याचं काम होतं. कागदावर वय लिहायचं होतं आणि त्याला नेमकं माहीत नव्हतं. “सर, तुमीच तिचा फॉर्म भरला होता,” तो म्हणाला.

मी कागद पुढ्यात घेऊन हिशेब केला. एक जुलै किंवा त्याआधीची कापणी धरली तर एक आकडा येत होता. नंतरची कापणी धरली तर एकानं कमी. बोडी फुटल्याचं साल सांगणारे सोमाजी कधीच गेले होते. त्या भावाची स्वतःची जन्मतारीखही शाळेत एक जुलैच आहे. वास्तविक त्याचा जन्मदिवस घरात दर वर्षी पाळला जातो, कारण तीच आईची तिथी. श्राद्ध करावं लागतं म्हणून ती कुणी विसरलं नाही. देवकीच्या जन्माच्या दिवशी घरात कुणी मेलं नव्हतं, म्हणून तो दिवस राहिला नाही.

शेवटी मी रजिस्टरातलंच वय सांगितलं. त्यानं लिहिलं आणि विचारलं, “बराबर हाये ना सर?”

“कागदाला चालेल,” मी म्हणालो.

धडा म्हणाल तर एक आहे. त्या वर्षानंतर मी आमच्या भागातल्या प्राथमिक शाळांत हिंडून गुरुजींना सांगितलं, की खरी तारीख शोधा, आणि सापडतच नसेल तर निदान एक जून घाला. बहुतेकांनी दुसरा अर्धा ऐकला. आमच्याकडची पुढची पिढी एक जूनला जन्मलेली आहे, आणि तिचे अर्ज वेळेत पोचतात.