डमीचा रकाना

"मॅडम, तुम्ही आता चार नंबरच्या वर्गात जाऊन बसा. डमी मुलांवर लक्ष ठेवा. इथे विंगेत गर्दी नको."

गॅदरिंगच्या दिवशी, नाटकाले अर्धा तास बाकी असताना मले हे सांगितलं. सांगणारा माणूस आठ दिवसांपूर्वी शाळेत आला होता. शाळेच्या संस्थेच्या सेक्रेटरीसाहेबांचा साळा. पुण्यात नाटकं करतो म्हणे. नाटक मी लिहिलेलं, जुलैपासून मी बसवलेलं. माझ्या हातात माझी वही होती. कोण कुठून येते, कुठं थांबते, कुठं वळते, सगळं त्यात होतं. त्यानं ती वही माझ्या हातातून काढून घेतली. मागितली नाही, घेतली. अन् मी काय म्हटलं? मी म्हटलं, "हो सर."

छापलेल्या पत्रिकेत दिग्दर्शक म्हणून त्याचं नाव होतं. माझं नाव विशेष सहकार्यात, साउंडवाल्याच्या अन् मंडपवाल्याच्या खाली. ते वाचूनही मी सकाळपासून कामच करून राहिली होती. पोरांचे फेटे बांधून राहिली होती.

आता डमी म्हणजे काय ते सांगते. आमची शाळा प्रताप नगरच्या पुढं, मोठी, फीवाली. वर्षाले तीन नाटकं. पंधरा ऑगस्टचं छोटं, ऑक्टोबरात स्पर्धेचं, डिसेंबरात गॅदरिंगचं मोठं. मी तिथली कंत्राटी नाट्यशिक्षिका. जुलैमध्ये पूर्ण सीझनचा तक्ता मीच बनवायची, अन् दरवर्षी तेच रडगाणं. मेन रोलवाली पोरं ठरलेली, मोठ्या घरची. त्यायले तालमीले वेळ नाही. कोचिंग आहे, स्केटिंग आहे, मामाच्या घरी लग्न आहे. अर्ध्या लोकांशिवाय तालीम कशी घेतेस बाई, घे.

मंग मीच डोकं लावलं. हो, मीच. मले कोणी सांगितलं नव्हतं. तक्त्यात एक रकाना वाढवला. डमी. शाळेत काही पोरं सरकारी कायद्यानं फुकट जागेवर शिकतात. शाळा सुटल्यावर ती कोणत्या कोचिंगले जात नाहीत. ती मेन पोरांच्या जागी उभी राहतील, पाच महिने चालतील, बोलतील. त्याचा व्हिडिओ काढायचा. मेन पोरांनी तो घरी पाहायचा, शेवटच्या आठ दिवसांत यायचं अन् तसंच्या तसं करायचं. प्रिन्सिपॉल मॅडम भल्ल्या खूश. स्टाफ मीटिंगमध्ये माझं नाव घेऊन कौतुक केलं. मी कशी फुगली होती तेव्हा, ते आठवलं की अंगाची आग होते.

कार्यक्रमाच्या दिवशी डमी पोरं चार नंबरच्या वर्गात. हॉलमधल्या खुर्च्या पालकांच्या अन् पाहुण्यांच्या. प्रत्येकाले एक समोसा, एक ज्यूसचा डबा, अन् कार्यक्रम संपेपर्यंत गप्प. हा नियमही तक्त्याच्या खाली माझ्याच अक्षरात लिहून आहे.

मोनाली सहावीपासून डमी. तिची माय प्रताप नगरात चार घरी धुणीभांडी करते. पोट्टी कमी बोलायची, पण एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा सांगावं लागत नव्हतं. सहावीत मी तिले म्हटलं, पुढच्या वर्षी तुले मेन रोल देऊ. सातवीत म्हटलं, पुढच्या वर्षी. मले वाटे मी तिचं मन राखून राहिली.

यावर्षीचं नाटक माझ्या आजीचं होतं. आम्ही विणकरांच्या घरचे. आमच्यात बायकांनी सुताच्या कांड्या भरायच्या, मागावर माणसानं बसायचं. आजोबा वारले तेव्हा आजी स्वतः मागावर बसली अन् सगळ्या मोहल्ल्यानं नाक मुरडलं. एवढीच गोष्ट. बाबांनी माग कधीचाच मोडला, आता मिहानमध्ये एका कंपनीच्या गेटवर ड्युटी करतात. पण मोनालीले मी रविवारी घरी आणायची अन् बाबा तिले शिकवायचे. आडव्या धाग्याचा धोटा कसा फेकायचा, पाय कधी मारायचा, तुटलेला धागा कसा जोडायचा. चौथ्या रविवारी बाबा मले म्हणाले, "हिचा हात बसला वं." माझ्याबद्दल असं ते कधी म्हणाले नव्हते.

आजीचा रोल सेक्रेटरीसाहेबांच्या पोरीचा होता. सप्टेंबरात तिच्या मायचा फोन आला की कोचिंग जड चाललं आहे, जमणार नाही बहुतेक. बहुतेक हा शब्द मी ऐकलाच नाही. त्याच दिवशी तालमीत सगळ्यांसमोर मोनालीले सांगून टाकलं की यावर्षी आजी तू करशील. ती हसली नाही. एवढंच म्हणाली, "नक्की न मॅडम?" मी म्हटलं, नक्की.

त्यानंतर ती पोट्टी जे काम करून राहिली होती, ते पाहून मी वहीत टिपायचं विसरून जायची. आवाज बदलला, चाल बदलली. बाकीची पोरं आपापली तालीम सोडून पाहत बसायची. मी वीस नाटकं बसवली असतील, पण असं माझ्या समोर कधी झालं नव्हतं.

गॅदरिंगले आठ दिवस राहिले अन् सेक्रेटरीसाहेबांची पोरगी आली. सोबत तिचा मामा, पुण्याचा. पोरगी चांगली होती, तिच्यावर माझा राग नाही. तिले धोटा जमेना, तर मामानं मागाचा प्रवेशच काढून टाकला अन् तिथं नाच घातला. मोनाली स्टेजवर आपल्या जागेवर उभी होती. मामा म्हणाला, "डमी, तू बाजूला हो." तिनं माझ्याकडे पाहिलं. मी वहीत पाहिलं. एप्रिलमध्ये माझं कंत्राट पुन्हा करायचं होतं, म्हणून पाहिलं. दुसरं काही कारण नव्हतं. मोनाली खाली उतरली अन् आपली चप्पल शोधायले लागली.

तर गॅदरिंगच्या दिवशी मी चार नंबरमध्ये गेली. अकरा पोरं बसली होती. मले पाहून कोणाले नवल वाटलं नाही. मोनाली बाकावर सरकली. "बसा मॅडम, इथं ऊन येते." शिपायानं मलेही एक समोसा आणून दिला, ज्यूसचा डबा दिला. पोरांच्या यादीत मोजली मले, अन् काय चूक केलं त्यानं. जुलै ते डिसेंबर मीही कोणाच्या तरी जागीच उभी होती.

हॉलमधल्या स्पीकरचा आवाज खिडकीतून येत होता. माझ्या आजीचे शब्द, दुसऱ्या पोरीच्या तोंडून. टाळ्या पडून राहिल्या होत्या. मले सहन होईना. मी म्हटलं, चला रे, आपण इथंच आपलं नाटक करू, मागाचा प्रवेश करू. बाकी पोरांनी मोनालीकडे पाहिलं.

"कायले मॅडम?" ती म्हणाली. "इथं कोण पाह्यते?"

मी तरी सोडलं नाही. जुनी सवय. म्हटलं, नाराज नको होऊ, पुढच्या वर्षी नक्की.

"मॅडम, मी आठवीत आहे."

फुकट जागा आठवीपर्यंतच असते. नववीपासून फी भरा, नाहीतर दाखला घेऊन जा. मले हे माहीत होतं. शाळेतल्या सगळ्यायले माहीत असते. मी विसरली होती. तीन वर्षं तिचा घाम स्टेजवर सांडवला अन् ती कोणत्या वर्गात आहे हे विसरली. तिच्याबद्दल विसरलं तरी चालते, अशी सवय लागली होती मले. मी रडली नाही. त्या पोरांसमोर रडायचा हक्क मले नव्हता.

जानेवारीत प्रिन्सिपॉल मॅडमनी बोलावलं. पुढच्या सीझनचा कोरा तक्ता समोर ठेवला अन् म्हणाल्या, यंदा जुलैची वाट नको, शनिवारपर्यंत भरून द्या. डमीच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "त्या मोनालीसारखी एखादी बघा. छान उभी राहायची."

मी खुर्ची मागं सरकवून उठली. तक्ता त्यांच्याकडे परत सरकवला.

"दुसऱ्याच्या जागी उभं राह्याले मी यापुढं एकही पोरगी देणार नाई."

त्या रागावल्या नाहीत. तक्ता फाइलमध्ये ठेवून शांतपणे म्हणाल्या, "ठीक आहे. तुमचा हा तक्ता आहेच आमच्याकडे. कोणीही भरेल."

खरंच होतं. मले काढून काही अडणार नव्हतं. जे अडलं असतं ते मी आधीच सोपं करून दिलं होतं. एप्रिलमध्ये माझं कंत्राट झालं नाही.

शेवटच्या दिवशी ऑफिसबाहेर मोनाली अन् तिची माय भेटल्या. दाखला घ्यायले आल्या होत्या. मायनं हात जोडले. म्हणाली, तुमच्यामुळे पोरगी तीन वर्षं नाटकात होती. मले वाटलं, बाईले कोणी सांगितलंच नाही. आता तरी खोटं बोलू नये.

"नाई ताई," मी म्हटलं. "ती नाटकात नव्हती. दुसऱ्या पोरींच्या जागी उभी होती. मी उभी केली."

तिनं दाखला दोनदा घडी करून पिशवीत ठेवला.

"माहीत आहे मॅडम. पहिल्याच वर्षी सांगतलं तिनं. मी म्हटलं, नको जाऊ मंग. तर म्हणे, मॅडम म्हणते पुढच्या वर्षी."

मोनाली गेटकडे चालली गेली होती. तिनं वळून पाहिलं नाही. मी वाट पाहत होती, वळन म्हणून. मायही गेली.

नंतर कळलं की पोट्टीचं नववीसाठी दुसऱ्या शाळेत नाव घातलं, तिथं नाटक होत नाही. बाबा अजून रविवारी विचारतात, ती पोरगी काहून येत नाही. मी सांगत नाही.

पुढच्या वर्षी हे शब्द मी आता कोणत्याच लेकराले म्हणणार नाही. मेली तरी नाही. जूनच्या शेवटी शाळा उघडन, नवीन मॅडम माझा तक्ता भरायले बसन. त्या दिवशी मी गेटवर असीन. सहावी-सातवीच्या एकेका मायले थांबवून सांगीन, पोरीचं नाव कोणत्या रकान्यात लिहिलं ते ऑफिसात जाऊन पाहा, अन् तो रकाना मी बनवला आहे. त्या मले शिव्या देतील तर ऐकून घेईन. वॉचमन हाकलन. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाईन. यानं काही बदलन असं मले वाटत नाही. तरी जाईन.