दाराबाहेर ऐकू आलेला आकडा

हॉस्पिटलात तिला नावानं हाक मारणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. बाकी सगळ्यांची ती झिरोबाई. टेलिफोनवर शून्य दाबलं की तिचा आवाज येतो, म्हणून. तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत बसून सत्तावीस वर्षं तिनं रडणाऱ्या, ओरडणाऱ्या, धापा टाकणाऱ्या माणसांकडून नावं आणि आकडे काढून घेतले होते. अँब्युलन्सचा ड्रायव्हर भोंग्याच्या वर आवाज चढवून काहीतरी बोलायचा, शेजारच्या नव्या मुलीला त्यातलं अक्षर कळायचं नाही, आणि तोवर झिरोबाईनं रक्तगट लिहून घेऊन वॉर्डला फोनही लावलेला असायचा. "पुन्हा सांगा" असं तिला क्वचितच म्हणावं लागे.

या कानांनीच आपल्या लेकीचा घात केला, असं ती पुढे कित्येक महिने मानत होती.

घरात रेडिओ आणला तो नवऱ्यानं. तो कापडगिरणीत बॉयलरवर होता. सुट्टीच्या दिवशी मागच्या गॅलरीला पत्रे ठोकून केलेल्या खोलीत बसायचा, गच्चीवर एरियलची काठी आणि तारा उभारून त्या रेडिओवरून जगभरच्या हौशी लोकांशी बोलायचा. बॉयलरनं हळूहळू त्याचे कान खाल्ले. आता त्याला ढगांचा गडगडाट तेवढा ऐकू येई, आणि बोलायचं असेल तर घरात पाटी-पेन्सिल ठेवलेली होती. रेडिओपुढची खुर्ची लेकीनं घेतली. लेक सव्वीस वर्षांची, दुकानांचे वजनकाटे तपासायची नोकरी करायची. पिशवीत पितळी वजनं घेऊन दिवसभर हिंडायची, आणि काटा एक ग्रॅमनं सरकलेला सापडला की दुकानदाराच्या सगळ्या विनवण्या ऐकून घेऊन शेवटी सील लावून यायची.

वर्षातून एकदा चोवीस तासांची स्पर्धा असे. शनिवारी संध्याकाळी सहाला सुरू, रविवारी सहाला बंद. तेवढ्या वेळात जास्तीत जास्त स्टेशनांशी संपर्क करायचा. दर संपर्काला समोरचा आपला चालू क्रमांक, म्हणजे त्याचा हा कितवा संपर्क ते सांगतो, तो आपण लॉगमध्ये लिहायचा, आपला त्याला सांगायचा. नंतर परीक्षक दोघांचे लॉग शेजारी ठेवतात. आकडा चुकला, तर संपर्क गेला. एखाद्या नव्या प्रदेशातलं स्टेशन मिळालं तर सगळे गुण ज्यानं गुणतात तो आकडा वाढतो, म्हणून लांबच्या एखाद्या बेटावरचा एक माणूस इथल्या वीस-पंचवीस माणसांच्या तोडीचा.

लेक उतरायची ती एकट्यांच्या गटात. त्या गटातले पहिले दोघं मोठ्या स्पर्धेच्या संघात जायचे. मागच्या वर्षी ती तिसरी आली होती, त्याच्या आदल्या वर्षीही तिसरी. यंदा संघात जागा नाही मिळाली तर काठी उतरवायची, असं तिनं स्वतःच जाहीर केलं होतं. घरमालक गच्चीवर पाण्याच्या टाक्या बसवणार होता.

त्या खोलीच्या दारावर आतून नवऱ्यानं कधीकाळी ब्रशनं लिहून ठेवलं होतं: ऐकणारा, बोलणारा, लिहिणारा एकच. एकट्यांच्या गटाचा हा पहिला नियम. खोलीत कुणी आलं तर चालतं, पण मदतीचा एक शब्दही उच्चारायचा नाही. झिरोबाईनं तो नियम इतकी वर्षं डोळ्यात तेल घालून पाळला होता. ताट आत ठेवायचं, उष्टा कप उचलायचा, मागं वळायचं. शिंक आली तरी बाहेर येऊन शिंकायची.

त्या रविवारी दुपारी तीनच्या सुमारास लेकीच्या हेडफोनची वायर मुळाशी तुटली. दुसरा हेडफोन नव्हता. तिनं पुटपुटत स्पीकर सुरू केला आणि साऱ्या घरात खरखर भरली. नवरा स्वयंपाकघरात वर्तमानपत्र वाचत होता, त्याला काहीच फरक पडला नाही. झिरोबाईच्या मात्र अंगावर काटा आला. रात्रभर जागलेल्या पोरीचा खरवडलेला आवाज आता भिंतीतून येत होता.

साडेतीनला ती चहा घेऊन आत गेली. लेकीचे खांदे कानांपर्यंत चढलेले. स्पीकरमधून कुणीतरी फार लांबून बोलत होतं, जणू उशीखाली तोंड दाबून.

"बेट आहे," लेक स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. मग माइकमध्ये, "क्रमांक पुन्हा, क्रमांक पुन्हा."

खरखर. त्यात काहीतरी.

"पुन्हा, प्लीज."

आवाज विरत चालला होता. लेकीची बोटं कळफलकावर थांबलेली. झिरोबाईनं कप टेबलावर ठेवला, आणि अँब्युलन्सच्या ड्रायव्हरचं ऐकून घ्यावं तसं तिनं ते ऐकलं, आणि रक्तगट सांगावा तसं सांगून टाकलं.

"चारशे त्र्याहत्तर."

लेकीच्या बोटांनी चार, सात, तीन दाबलं. "मिळाला, धन्यवाद," ती माइकमध्ये म्हणाली. पलीकडच्यानं आभार मानले आणि तो गेला.

क्षणभर झिरोबाईला आनंदच झाला. मग तिला लेकीची मान दिसली. ती वळत नव्हती.

"आई," लेक म्हणाली, "काय केलंस गं हे."

"निघून गेलं गं तोंडातून."

"जा तू बाहेर."

"अगं पण आकडा बरोबरच—"

"बरोबर आहे म्हणूनच म्हणतेय. जा."

स्वयंपाकघरात येऊन तिनं पाटीवर लिहिलं. पेन्सिल दोनदा मोडली. नवऱ्यानं वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तिनं लॉगमध्ये टाकला का?" तो बॉयलरवरच्या आवाजात ओरडला. त्याला हळू बोलताच येत नसे.

तिनं होकाराची मान हलवली.

"मग तो बाद. तिला कळलंय ना? तिला सांगायला नको ते."

झिरोबाईनं लिहिलं, 'कुणाला कळणार आहे? घरातलेच तिघं आपण.' लिहिलं आणि लगेच तळव्यानं पुसलं, पण नवऱ्यानं वाचलं होतं. खोलीचं दार उघडून लेक बाहेर आली, नळाखाली तोंड धुतलं, आणि तिनंही ती अर्धवट पुसलेली पाटी पाहिली.

"काटा एका ग्रॅमनं सरकला की दुकानदार हेच म्हणतो, आई. कुणाला कळणार आहे."

"मग पुसून टाक तो संपर्क. मुळात झालाच नाही असं समज."

"पुसला तर त्याचं नुकसान. त्याच्या लॉगमध्ये मी असणार, माझ्यात तो नसणार, त्याला दंड बसेल. त्या बिचाऱ्यानं काय केलंय?" ती टॉवेलात तोंड खुपसून बोलत होती. "ठेवायचा, पण समोर खूण करायची की माझ्या गुणांत धरू नका. आणि शेरा लिहायचा, का ते. तसं केलं तर बाकीचा लॉग एकट्यांच्या गटात राहतो. नाहीतर सगळाच मदतनीसवाल्यांच्या गटात. तिथून संघात कुणी घेत नाही."

"म्हणजे बेट गेलं."

"गेलं. नाहीतर पुन्हा शोधायचा त्याला. पहिला बाद धरला तर दुसरा चालतो. आणि दुसऱ्या वेळी त्याचा क्रमांक नवा असणार, तो मीच ऐकायचा."

ती आत गेली. या वेळी तिनं दार लावून कडी घातली. ती कडी इतक्या वर्षांत कुणी वापरली नव्हती, गंजलेली होती, दोन हिसक्यांनी बसली. झिरोबाईला तो आवाज कानफटात बसल्यासारखा लागला.

पुढचे दोन तास तिचा जीव टांगणीला होता. रेडिओच्या पट्टीवर आपली जागा धरून हाका मारत बसलं की लोक आपणहून येतात. शोधायला निघायचं तर ती जागा सोडावी लागते. भिंतीपलीकडे लेक जागा सोडताना ऐकू आली, दहा-बारा मिनिटं हिंडून परत येताना ऐकू आली, आणि तिच्या जागेवर तोवर कुणीतरी बसलेला. "ही जागा रिकामी आहे का?" असं त्यानं शिस्तीत विचारलं असणार, उत्तर द्यायला ती नव्हती. भांडण्यासारखं काही नव्हतं. तिनं दुसरी जागा शोधली, तिथं कमी लोक येत होते. पुन्हा निघाली. पुन्हा आली.

झिरोबाईनं डाळीचा डबा रिकामा केला, पुसला, डाळ परत भरली. मग तांदळाचा.

"आता पिठाचा काढतेस की काय?" नवरा ओरडला. "बस जरा."

"तुम्हाला काय, तुम्हाला ऐकू येत नाही," ती म्हणाली. त्याला तेही ऐकू आलं नाही, पण तोंडावरून कळलं असावं. त्यानं पाटी पुढं ओढून लिहिलं, 'मी पण इतकी वर्षं ऐकलंय.' तिला एकदम कानकोंडं झालं.

घराबाहेर जावं, जिना उतरून कोपऱ्यावर उभं राहावं, असं तिच्या मनात आलं. चपला पायात घातल्यादेखील. पण सहाला अकरा मिनिटं असताना भिंतीतून तो उशीखालचा आवाज आला आणि तिचे पाय जागच्या जागी थिजले. त्याच्याभोवती वीस-पंचवीस जण ओरडत होते. लेक थांबली. सगळे एकदम ओरडतात तेव्हा आपण ओरडायचं नाही, त्याला कुणी क्रमांक देत असेल तर मध्ये तोंड घालायचं नाही, फट दिसली की एकदाच स्वच्छ हाक द्यायची, हे बापानं शिकवलेलं. मिनिटं चालली होती. झिरोबाई दाराला हात लावून उभी. चपला तशाच.

सहाला चार मिनिटं. लेकीनं हाक दिली. नाही. दुसऱ्याला घेतलं त्यानं.

सहाला दोन. लेकीची हाक, आणि पलीकडून तिची कॉलसाइन, म्हणजे तिचं रेडिओवरचं नाव, परत आली. मग तो म्हणाला, तुम्ही आधीच लॉगमध्ये आहात.

"माहीत आहे. पहिला संपर्क माझ्या चुकीमुळे बाद आहे. कृपया पुन्हा नोंदवा," लेक म्हणाली. आवाज सरळ ठेवायला तिला किती जड गेलं असेल ते आईला दारातून कळलं.

त्या माणसानं कुरकूर केली नाही. क्रमांक सांगितला.

पाच, एक, आठ.

झिरोबाईला तो घंटेसारखा ऐकू आला. लख्ख.

"क्रमांक पुन्हा," आत लेक म्हणाली.

पाच, एक, आठ. या वेळी त्यावर कुणाची तरी हाक आदळली होती, तरी तिला ऐकू आला.

"क्रमांक पुन्हा, प्लीज. क्रमांक."

मधे एक लाकडी दार होतं. तेही फुगलेलं, वरच्या बाजूला बोटभर फट असलेलं. एक शब्द. हळूही चाललं असतं. झिरोबाईनं पदर गोळा करून तोंडात धरला आणि डोळे मिटून घेतले. तो माणूस तिसऱ्यांदा सांगत होता, एकेक आकडा वेगळा करून, भल्या माणसासारखा, आणि खरखर चढत चालली होती. "पाच," लेक म्हणाली, "पाच, नंतरचे? नंतरचे दोन?"

मग आत गजराचं घड्याळ वाजलं. सहा.

स्पीकर बंद झाला. मग कडी दोन हिसक्यांनी निघाली. लेकीनं आईकडं पाहिलं, तिच्या तोंडातल्या पदराकडं पाहिलं, पायातल्या चपलांकडं पाहिलं.

"कुठं निघालीस?"

"कुठं नाही."

"मिळाला का?" स्वयंपाकघरातून बाप ओरडला. लेकीनं त्याला दिसेल अशी मान हलवली: नाही. त्यानं पाटी पालथी घातली.

लॉग तिनं त्याच संध्याकाळी पाठवला. दुपारच्या बेटासमोर खूण, आणि खाली शेरा: 'हा क्रमांक खोलीतल्या दुसऱ्या व्यक्तीनं ऐकून सांगितला. माझ्या गुणांत धरू नये.' दुसरी व्यक्ती. झिरोबाईनं ते पडद्यावर वाचलं आणि भाजी चिरायला गेली.

निकाल दहा आठवड्यांनी लागला. तिसरी. दुसऱ्याशी फरक इतका कमी होता की बेट धरलं असतं तर ती आरामात वर गेली असती. लेकीनं फोन टेबलावर ठेवला, "लागला," म्हणाली, आणि वजनांची पिशवी उचलून कामाला गेली. झिरोबाई त्या दिवशी हॉस्पिटलात सगळ्यांना "पुन्हा सांगा" म्हणत होती. शेजारच्या मुलीनं दोनदा विचारलं, बरं नाही का.

काठी अजून गच्चीवर होती. टाक्यांचं काम पुढं ढकललं गेलं होतं आणि लेकीनंही काठीचा विषय काढला नव्हता. विचारायची आईची छाती नव्हती.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी पोस्टानं एक कार्ड आलं. झालेल्या संपर्काची पोचपावती म्हणून हे लोक एकमेकांना कार्ड पाठवतात. चित्रात एक दीपगृह होतं. लेकीनं ते जेवता जेवता उलटलं, ताटावरच वाचलं, आणि घास तसाच हातात राहिला.

"त्या बेटवाल्याचं आहे," ती म्हणाली. "परीक्षकांनी त्याला माझा शेरा दाखवला म्हणे. लिहितोय, शेवटी सांगितलेला आकडा तुमच्यापर्यंत पोचला नाही याचं वाईट वाटलं. पुढच्या वर्षी लवकर या, गर्दी व्हायच्या आत." तिनं कार्ड दिव्याकडं धरलं. "आकडाही लिहिलाय. पाचशे—"

झिरोबाई आमटी वाढत होती. पळीतली आमटी ताटाबाहेर सांडली, थोडीशीच.

लेकीनं आधी आईकडं, मग तिच्या पदराकडं पाहिलं.

"तुला ऐकू आला होता."

"दार बंद होतं," झिरोबाई म्हणाली.

"आई."

"अजून आमटी वाढू का?"

बाप दोघींच्या तोंडांकडं आळीपाळीनं पाहत होता. "काय म्हणतेय ती?" तो ओरडला. लेकीनं हात पुसले, पाटी जवळ ओढली आणि ठळक अक्षरांत लिहिलं: पुढच्या वर्षी नवा हेडफोन. दोन आणू, एक तुटला तर.

मग कार्ड आईच्या ताटाशेजारी ठेवून ती हात धुवायला उठली.